शोध फुकट नसतो : इंटरनेटवर चौकशी करताना व्यापाऱ्याने काय पाहावे?

बाजारात भाव विचारण्याचीही एक रीत असते. ज्याला माल निकडीने हवा आहे तो आपली निकड चेहऱ्यावर दिसू देत नाही. ज्याला माल लवकर काढायचा आहे तो आपले गोदाम भरले आहे असे सांगत फिरत नाही. जुन्या काळी गुरांच्या बाजारात आणि कित्येक व्यापारी पेठांत रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये एवढाच त्यामागचा हेतू. आज तोच व्यापारी संगणकासमोर बसतो आणि मनातले सगळे इंटरनेटच्या शोधयंत्राला, म्हणजे सर्च इंजिनला, लिहून सांगतो. कोणत्या काउंटचे सूत हवे आहे, कोणत्या पार्टीची पत तपासायची आहे, बँकेचा हप्ता चुकला तर काय होते, घरातल्या आजाऱ्यासाठी कोणता डॉक्टर चांगला. रुमाल केव्हाच बाजूला पडला आणि आपल्याला त्याची जाणीवही नाही.

वाचक बंधूंनो, या लेखात आपण तीन गोष्टी पाहू. शोधयंत्राची कमाई कशी होते, त्या कमाईतून झाडे लावणारे व आपली माहिती कमी साठवणारे ‘इकोसिया’ नावाचे शोधयंत्र कसे आहे, आणि व्यापाऱ्याने ते वापरताना कोणती खबरदारी घ्यावी.

आमचा पंचवीस हजारांचा धडा

२०२३ साली आमच्या भिवंडीच्या पेढीवर पैशाची ओढाताण होती. उधारी अडकली होती, सूतवाल्याचे देणे तोंडावर आले होते. आम्ही पेढीच्याच संगणकावर तातडीच्या व्यापारी कर्जाची चौकशी केली आणि कर्ज देणाऱ्या दोन-तीन कंपन्यांची पाने उघडून पाहिली. दोन दिवसांनी बाहेरगावचे एक जुने ग्राहक आले. २०,००० मीटर ग्रे कापडाचे बोलणे जवळपास ठरलेच होते. सुताच्या भावाची ताजी बातमी दाखवावी म्हणून आम्ही संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पानाच्या वर, खाली, बाजूला एकाच प्रकारच्या जाहिराती होत्या : धंद्यात पैशाची अडचण आहे का, लगेच कर्ज घ्या.

ग्राहक काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, “भाई, रोख देतो, पण मीटरमागे सव्वा रुपया कमी करा.” एरवी आम्ही हसून नाही म्हटले असते. त्या दिवशी नाही म्हणण्याची ताकद नव्हती आणि ते त्यांना कळले होते. २५,००० रुपये गेले. वर्षभराने त्यांनीच सांगितले, “त्या दिवशी तुमचा संगणकच माझा दलाल झाला होता.”

ग्राहकाचा यात दोष नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते. दोष आमच्या अज्ञानाचा होता. ते दूर करण्यासाठी आम्ही जे वाचले, विचारले आणि वापरून पाहिले तेच इथे मांडत आहोत.

शोधयंत्राची कमाई कशी होते?

शोधयंत्र जगातील संकेतस्थळांची पाने आधीच वाचून त्यांची एक प्रचंड सूची तयार ठेवते. आपण शब्द टाकला की त्या सूचीतून उत्तरे काढून देते. यासाठी लाखो संगणक रात्रंदिवस चालतात, वीज खातात, नोकरवर्ग लागतो. तरी आपल्याकडून एक पैसा घेतला जात नाही. मग खर्च भागतो कुठून? जाहिरातीतून.

एखादा शब्द टाकला की त्या शब्दावर जाहिरातदारांची बोली लागते, जशी मार्केट यार्डात मालावर लागते. बोलीत पुढे असणाऱ्याची जाहिरात वर दिसते. आपण तिच्यावर क्लिक केले की जाहिरातदार शोधयंत्राला पैसे देतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या गुगल कंपनीने २०२३ या एका वर्षात शोध व त्याच्याशी निगडित जाहिरातींतून सुमारे १७५ अब्ज डॉलर मिळवले. आपल्या फुकटच्या चौकशीची बाजारातली किंमत यावरून समजावी.

जाहिरात दाखवण्यात गैर काही नाही. आपणही दुकानावर पाटी लावतोच. पण जाहिरात दाखवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, विचारलेला शब्द पाहून. गिऱ्हाइकाने लुंगी मागितली, आपण लुंगी दाखवली, गिऱ्हाईक गेले, विषय संपला. दुसरी रीत, माणूस पाहून. इथे दुकानदार गिऱ्हाइकामागे वही घेऊन फिरतो. ते कुठे गेले, काय पाहिले, कशाची विचारपूस केली, हे लिहून ठेवतो आणि त्या वहीच्या आधारे पुढचा माल दाखवतो. इंटरनेटवर ही वही भरण्याचे एक मुख्य साधन म्हणजे ‘कुकी’. आपण एखादे पान उघडले की ते आपल्या संगणकात एक खुणेची चिठ्ठी ठेवते. पुढे आपण दुसऱ्या पानांवर गेलो तरी ती चिठ्ठी पाहून आपल्याला ओळखले जाऊ शकते. आमच्या पडद्यावर कर्जाच्या जाहिराती आल्या त्या अशाच चिठ्ठ्यांमुळे.

नाव पुसले म्हणजे ओळख पुसते का?

‘आमचे नाव कुठे लिहिलेले असते?’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी २००६ सालची घटना लक्षात ठेवावी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतील शोध जाहीर केले. नावे काढून तिथे नुसते क्रमांक टाकले होते. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी काही दिवसांतच केवळ शोधलेल्या शब्दांवरून एका वृद्ध महिलेला तिच्या घरापर्यंत जाऊन शोधून काढले. आपल्या गावाचे नाव, आडनाव, आजार, घराची दुरुस्ती, असे शब्द एकत्र ठेवले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. कंपनीने यादी मागे घेतली, पण तोवर तिच्या नकला जगभर झाल्या होत्या.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. कायदा आपल्या जागी चांगला आहे. पण आपल्या तोंडून गेलेला शब्द कायदा परत आणू शकत नाही. तिजोरीला कुलूप आपणच लावायचे असते.

इकोसिया म्हणजे काय?

इकोसिया हे जर्मनीतील शोधयंत्र आहे. ख्रिस्तियान क्रोल या तरुणाने ते डिसेंबर २००९ मध्ये सुरू केले. कंपनीचे कार्यालय बर्लिन शहरात आहे. कमाईची रीत इतरांसारखीच, म्हणजे जाहिरातीची. फरक पुढच्या टप्प्यात आहे. खर्च जाऊन जो नफा उरतो तो मालकांच्या खिशात न जाता झाडे लावण्यासाठी आणि पर्यावरणाच्या इतर कामांसाठी जातो. ब्राझील, आफ्रिकेतील बुर्किना फासो आणि अशा अनेक देशांत स्थानिक संस्थांमार्फत ही झाडे लावली जातात. आजवर २० कोटींहून अधिक झाडांना आपण पैसा पुरवला, असे कंपनी सांगते.

व्यापारी माणूस लगेच विचारील, ‘यावर विश्वास काय म्हणून ठेवायचा?’ प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ही कंपनी आपल्या जमाखर्चाचा तपशील संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. किती मिळाले, किती पगारात गेले, किती झाडांसाठी दिले, हे कोणालाही वाचता येते. दुसरी, २०१८ मध्ये क्रोल यांनी आपल्या हिश्शाचा काही भाग ‘पर्पज फाउंडेशन’ या संस्थेकडे सोपवला आणि त्यामुळे दोन बंधने कायमची बसली. ही कंपनी नफ्यासाठी विकता येत नाही आणि मालकाला तिचा नफा घरी नेता येत नाही. उद्या मालक बदलला किंवा त्याची नियत बदलली, तरी ठरलेल्या कामाचा पैसा दुसरीकडे वळू नये, अशी ही तजवीज आहे.

झाडांचा खरा हिशेब

इथे वाचकांनी एक गैरसमज काढून टाकावा. शब्द टाकला की लगेच कुठेतरी झाड लागते, असे होत नाही. जाहिरातीतून पैसा मिळाला तरच झाड. पूर्वी कंपनी सरासरी ४५ शोधांमागे एक झाड असा हिशेब देत असे. यातला सरासरी हा शब्द महत्त्वाचा. काही शोधांवर जाहिरातच नसते, काहींवर असते पण कोणी क्लिक करत नाही. जाहिराती अडवणारे साधन आपण बसवले असेल, तर आपल्या शोधातून झाडांसाठी काहीच मिळणार नाही.

मग झाडे वाढावीत म्हणून उगाच जाहिरातींवर क्लिक करत बसावे का? मुळीच नाही. पेढीवर येऊन ताग्यांमागून तागे उलगडायला लावायचे आणि घेण्याचा विचारच नसायचा, अशा गिऱ्हाइकाला आपण काय म्हणतो? जाहिरातदारही आपल्यासारखाच व्यापारी आहे. त्याचे पैसे फुकट घालवून लावलेले झाड पुण्याचे नाही. माल खरोखर पाहायचा असेल तरच क्लिक करावे.

विजेचीही गोष्ट पाहू. गुगलने २००९ मध्ये सांगितले होते की एका शोधाला सुमारे ०.०००३ युनिट वीज लागते. आपल्याकडची एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला पाऊण युनिट घेते. म्हणजे एक माग तासभर चालला की २,५०० शोधांची वीज झाली. एकट्या माणसाच्या शोधांची वीज अशी अगदी थोडी असते. पण जगाचा मिळून आकडा लहान राहत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या संगणक केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगातील एकूण विजेच्या वापरात हा वाटा सुमारे दीड टक्का होतो. आपल्या शोधांना लागणाऱ्या विजेहून अधिक वीज आपण सूर्यप्रकाशापासून तयार करतो, असे इकोसियाचे म्हणणे आहे. आमच्या मते मात्र शोधयंत्र बदलण्याचा मोठा फायदा विजेच्या बचतीत नाही. आपल्या चौकशीवर जो पैसा उभा राहतो तो कुठे जातो, यात खरा फरक आहे.

खासगीपणा किती मिळतो?

इकोसिया सांगते की ती आपली माहिती जाहिरातदारांना विकत नाही आणि आपल्या शोधांवरून आपली व्यक्तिगत वही तयार करत नाही. कंपनी जर्मनीत असल्याने तिला युरोपचा माहिती संरक्षण कायदा लागू आहे, जो २५ मे २०१८ पासून अमलात आला. हे सर्व चांगले आहे. पण इथेही मालाची दुसरी बाजू उलटून पाहावी.

इकोसिया बराच काळ स्वतःची सूची न ठेवता मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राची उत्तरे घेत आली, आणि २०२३ पासून गुगलचीही घेऊ लागली. दुसऱ्याच्या गिरणीचा माल आपल्या शिक्क्याने विकावा तसा हा प्रकार आहे. त्यामुळे विचारलेला शब्द आणि आपल्या जोडणीचा पत्ता यांसारखी माहिती उत्तरासाठी त्या कंपन्यांपर्यंत पोहोचते. हे अवलंबित्व कमी करण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये इकोसियाने फ्रान्सच्या क्वांट या शोधयंत्राबरोबर युरोपची स्वतंत्र सूची उभारण्याची भागीदारी जाहीर केली.

ज्यांना झाडांपेक्षा खासगीपणाची निकड अधिक आहे, त्यांच्यासाठी डकडकगो हे २००८ साली अमेरिकेत सुरू झालेले शोधयंत्र आहे. ते शोधलेल्या शब्दावरून जाहिरात दाखवते, माणसाचा इतिहास साठवत नाही, असे त्याचे धोरण आहे. पण डोळे मिटून विश्वास तिथेही ठेवू नये. त्याच कंपनीचा मोबाईलवरचा ब्राउझर इतरांच्या पानांवरील मायक्रोसॉफ्टची काही टेहळणी साधने अडवत नसल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. बोभाटा झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती अडवण्यास सुरुवात केली. चुकणे आणि सुधारणे दोन्ही चालू असते. ग्राहकाने जागे राहावे.

बदल कसा करावा?

बहुतेक लोक जे शोधयंत्र मोबाईलमध्ये आधीपासून बसवलेले येते तेच वापरतात. ही सवय किती मोलाची आहे? अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की २०२१ या एका वर्षात गुगलने आपले शोधयंत्र पहिल्या जागी राहावे म्हणून मोबाईल व ब्राउझर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले. त्याच खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी टिकवली, असा निकाल दिला. ज्या जागेसाठी एवढी पगडी मोजली जाते ती जागा आपल्या बोटाखाली आहे, आणि ती बदलायला पाच मिनिटे पुरतात :

१. ब्राउझर उघडून ‘इकोसिया डॉट ओआरजी’ या पत्त्यावर जावे. एक-दोन शब्द शोधून पाहावेत.

२. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिन’ हा भाग उघडावा. यादीत इकोसियाचे नाव असल्यास ते निवडावे. मोबाईलच्या क्रोममध्ये नुकत्याच भेट दिलेल्या शोधयंत्रांची नावेही खाली येतात, तिथेही पाहावे.

३. नाव सापडलेच नाही तर मोबाईलवर इकोसियाचे स्वतंत्र ॲप मिळते, ते अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे.

४. पंधरा दिवस वापरून पाहावे. देवनागरीत आणि उर्दू लिपीतही शब्द टाकून पाहावेत. गल्लीतले दुकान, जवळचा रस्ता अशा स्थानिक चौकशीत उत्तर अपुरे वाटले तर तेवढ्यापुरते दुसरे शोधयंत्र उघडावे. एकाच दुकानातून सगळा माल घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही.

पेढीसाठी काही नियम

शोधयंत्र बदलल्याने सर्व काम होत नाही, हे नीट समजून घ्यावे. आम्ही त्या वेळी इकोसिया वापरले असते तरी कर्ज कंपन्यांच्या पानांनी आपली चिठ्ठी संगणकात ठेवलीच असती. म्हणून आम्ही पेढीवर पुढील नियम घातले आहेत.

पैशाची, आजाराची किंवा कोर्टकचेरीची चौकशी गिऱ्हाइकासमोरच्या संगणकावर कधीही करायची नाही. त्यासाठी वेगळा ब्राउझर ठेवला आहे. इतरांनी ठेवलेल्या कुकी, म्हणजे थर्ड पार्टी कुकी, सेटिंगमधून बंद केल्या आहेत आणि दर जुम्म्याला दुकान बंद करताना जुन्या चिठ्ठ्या पुसून टाकतो. ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे गुप्त खिडकी उघडली की कोणालाच काही कळत नाही, हा भ्रम आम्ही सोडला आहे. त्या खिडकीने आपल्याच संगणकावर इतिहास राहत नाही एवढेच होते. बाहेरच्यांची नजर चुकत नाही. याच कारणावरून अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने अशा असंख्य नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

आणखी एक. कोणत्याही शोधयंत्रात बँकेचा किंवा कुरियरचा फोन नंबर शोधून त्यावर लगेच फोन लावू नये. वर दिसणारे पहिले उत्तर पुष्कळदा जाहिरात असते आणि ठगही जाहिरात देऊ शकतात. नंबर पासबुकावरून किंवा बिलावरून घ्यावा. झाडे लावणारे शोधयंत्र असले तरी त्यावरचा प्रत्येक जाहिरातदार सज्जन असतो असे नाही.

शेवटी आपल्या वहीकडेही पाहावे. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, त्यांची उधारी, त्यांचे पत्ते आपल्याकडेही असतात. ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. आपली चौकशी दुसऱ्याने विकू नये असे वाटत असेल, तर गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी आपणही कुणाला देऊ नये.

आमचे २५,००० रुपये परत येणार नाहीत. पण हा लेख वाचून एखाद्या बांधवाने आज पेढी बंद करण्यापूर्वी आपल्या संगणकाची सेटिंग उघडून पाहिली, तर तो पैसा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. भाव विचारायचा तर जरूर विचारावा. फक्त रुमाल पुन्हा हातावर घ्यावा.